धसका आणि दवाखाना

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा एकाच वेळी पात्राबाहेर आल्या. बेळगाव जिल्ह्यातली गावंच्या गावं उठून शाळांमध्ये राहायला गेली. पूर ओसरून काही महिने झाल्यावर मी चिक्कोडीकडच्या एका आजींना घेऊन दवाखान्यात बसले होते. तक्रार एकच, झोप नाही आणि छातीत धडधडतं. बीपी झालं, ईसीजी झाला, गोळ्या बदलून झाल्या. तिसऱ्या खेपेला सलाईन लावता लावता नर्सबाईंनी विचारलं, "आजी, रात्री उठून काय करता?" आजी म्हणाल्या, "उंबऱ्याला हात लावून बघतो, वल्ला हाय काय."

आपल्या बोलीत या दुखण्याला शब्द आहे, धसका. 'पोरानं पाण्याचा धसका घेतलाय', 'तिनं हाय खाल्ली' असं आपण सहज म्हणतो. केस पेपरवर मात्र त्याला जागा नव्हती. मन फारच बिघडलं की एकच वाट दाखवली जायची, 'धारवाडला न्या'. १८४५ साली ब्रिटिशांनी तिथं वेड्यांचं इस्पितळ काढलं. आज ती मनोविकार आणि मज्जासंस्थेच्या उपचारांची मोठी संस्था आहे. पण धारवाडच्या नावाची भीती आमच्याकडे घराघरांत मुरलेली होती, त्यामुळे माणसं धडधडच सांगायची, धसका सांगायची नाहीत.

इंग्रजीत ज्याला 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर' म्हणतात, ती मनावरच्या आघाताची, म्हणजे या धसक्याची, जाण ठेवून द्यायची सेवा. तिची मुळं शोधत गेलं की आधी स्त्रिया आणि सैनिक भेटतात. १९७४ मध्ये बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात बलात्कारानंतर आलेल्या स्त्रियांशी बोलून अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी त्यांच्या त्रासाची एक ठरावीक घडण नोंदवली. व्हिएतनामहून परतलेले सैनिक तसंच काही सांगत होते. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनाचा विकार, आलं, आणि हा दुबळेपणा नसून आघाताचा परिणाम आहे, हे कागदावर उमटलं.

पुढचं वळण वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यातून आलं. सॅन दिएगोत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लक्षात आलं की वजन चांगलं उतरत असलेले रुग्णच उपचार सोडून जातात. खोदून विचारल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी लहानपणी झालेले लैंगिक अत्याचार सांगितले. अंगावरचं वजन हीच त्यांची ढाल होती. त्यातून फेलिटी आणि रॉबर्ट आंदा यांनी सतरा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास केला, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. बालपणी भोगलेलं जितकं जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका जास्त. माझ्या मते धसक्याचं दुखणं मनोविकार विभागाच्या दारातून बाहेर पडून सगळ्या दवाखान्याचं झालं, ते इथं.

२००१ मध्ये मॅक्सिन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी पुढची गोष्ट मांडली. आघातावर उपचार करणं हे एक काम, आणि समोरचा माणूस आघातातून आलेला असू शकतो हे धरून सगळी संस्था चालवणं हे दुसरं. दुसऱ्यात वॉचमन आला, केस पेपर काढणारा आला, पडदा न ओढता 'कपडे काढा' म्हणणारा आला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने याची तत्त्वं लिहून काढली. सुरक्षितता, विश्वास, रुग्णाची निवड ही त्यात आहेतच. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही जबाबदारी, की सेवा देताना जुनी जखम पुन्हा उघडू नये.

आपल्याकडे १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर स्थानिक डॉक्टरांना मनाच्या दुखण्याचं प्रशिक्षण द्यायला बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेचे तज्ज्ञ गेले होते. २००० साली मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं. मार खाल्लेल्या बाईशी एकटीशी बोलायची खोली रुग्णालयाच्या आतच हवी, हा त्यामागचा विचार. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या तपासणीसाठी सूचना काढल्या, त्यात योनीत बोटं घालून केली जाणारी 'टू फिंगर टेस्ट' बाद केली आणि संमतीला मध्यवर्ती जागा दिली.

बेळगावशी थेट नातं सांगणारी गोष्ट डिसेंबर २०२३ ची. जिल्ह्यातल्या एका गावात एका बाईची जमावाने विटंबना केली. ती बेळगावात उपचार घेत होती आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने शनिवारी खास बसून आदेश दिला की डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढाऱ्यांनी, संघटनांनी तिला भेटू नये, त्याने तिच्या प्रकृतीवर वाईट परिणाम होईल. सहानुभूतीचाही भार होतो, हे इतक्या स्पष्टपणे सांगितलेलं मी पहिल्यांदाच वाचलं.

सीमाभागात मात्र एक अडचण आहे, आणि तिच्यावर फार कुणी बोलत नाही. १९५६ पासूनचा वाद आपण मोर्चात मांडतो, पण तपासणीच्या खोलीत भाषेचा प्रश्न वेगळा होतो. डॉक्टर कन्नड, बाई मराठी. मग दुभाष्या कोण? बरोबर आलेला नवरा नाहीतर सासू. दंडावरचे वळ कशाचे, हे ज्याच्या हातून झाले त्यानेच डॉक्टरांना सांगायचं! "म्हशीनं ढकललं म्हणते," असं तो सांगतो, आणि ती खाली बघत राहते. खानापूर असो की निपाणी, हे मी बसल्या जागेवरून पाहिलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, भाषा निवडून बोलता येतं. पण नवरा शेजारी उभा असेल तर फोन तरी कसा लावायचा? "तुम्ही जरा बाहेर थांबा," एवढं म्हणणारं आणि दोन्ही भाषा येणारं माणूस प्रत्येक तालुका इस्पितळात पगारावर असायला हवं.

आजींच्या नर्सबाई घरी कन्नड बोलणाऱ्या, मराठी वॉर्डातच शिकलेल्या. त्यांनी त्या दिवशी सुनेला चहाला पाठवलं आणि स्टूल ओढून बसल्या. पुढच्या खेपेला गोळ्यांच्या नावाखाली कन्नडमध्ये एक ओळ दिसली. काय लिहिलंय, आजींनी विचारलं.

"तुमचा उंबरा," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना कळायला नको?"