छोट्या हॉटेल-होमस्टेसाठी ग्रीन की सर्टिफिकेट : अर्ज कसा करायचा, कागद काय लागतात

नुसतं "आम्ही इको-फ्रेंडली" लिहून आता भागत नाही. नेदरलँड्सच्या ग्राहक नियामकाने आक्षेप घेतल्यावर बुकिंग डॉट कॉमने २०२४ मध्ये स्वतःचा सस्टेनेबल बॅज बंद केला, आता तिथे बाहेरच्या संस्थेचं सर्टिफिकेट असेल तरच उल्लेख दिसतो. युरोपियन युनियनने तर २७ सप्टेंबर २०२६ पासून स्वतःच बनवलेल्या हिरव्या लेबलांना बंदी ठरवलीय, म्हणजे तिकडचा गेस्ट हवा असेल तर कागद लागणारच.

ग्रीन की म्हणजे पर्यटनातल्या जागांना मिळणारं पर्यावरणाचं सर्टिफिकेट. ते १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं, आणि बीचेसना ब्लू फ्लॅग देणारी संस्थाच हे चालवते. हॉटेल, कॅम्पसाईट, रेस्टॉरंट, कॉन्फरन्स सेंटर, प्रेक्षणीय ठिकाणं आणि छोटी निवासं, म्हणजे साधारण १५ खोल्यांपर्यंतची, अशा कॅटेगरी आहेत. टूर काढणाऱ्यांसाठी हे नाही, त्यांनी ट्रॅव्हलाईफ हे सर्टिफिकेट बघावं. जीएसटीसी म्हणजे ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिलकडेही बरेच जण थेट अर्ज करायला जातात, पण ती संस्था निकष ठरवते, हॉटेलला सर्टिफिकेट स्वतः देत नाही.

पात्रता म्हणाल तर धंदा कायदेशीर हवा, लायसन्स चालू हवीत आणि कम्पल्सरी निकष सगळेच्या सगळे पूर्ण हवेत, त्यात सूट नाही. बाकीचे ऐच्छिक निकष वर्षागणिक वाढवत न्यायचे असतात.

कागदांमध्ये लायसन्स, मालकाच्या सहीचं पर्यावरण धोरण, वर्षाची टार्गेट्स, जबाबदार माणसाचं नाव, स्टाफ ट्रेनिंगची नोंद, क्लीनिंग प्रॉडक्टची माहिती, कचरा वेगळा करून कुठे जातो ते. धोरण कन्सल्टंटकडून दहा पानी लिहून घेऊ नका, तपासायला येणारा ऑडिटर स्टाफलाच विचारतो आणि त्यांना त्यातलं काहीच माहीत नसतं, मग पंचाईत. एक पान पुरे.

खरा घोळ होतो तो मीटर रीडिंगमध्ये. वीज, पाणी, गॅस याची नोंद निदान महिन्यातून एकदा लागते, आणि नुसती बिलं फाईलला लावून चित्र कळत नाही कारण सीझनला आकडा वाढणारच, म्हणून महिन्याचे एकूण लिटर भागिले त्या महिन्यात राहिलेल्या गेस्टच्या रात्री (दोन गेस्ट तीन रात्री राहिले तर सहा) असं काढा, मग खरंच बचत झाली का ते दिसतं. फॉर्म भरायच्या आधीपासूनच हे सुरू करा, मागचे आकडे नंतर जुळवता येत नाहीत. शॉवरचा फ्लो मिनिटाला ९ लिटरच्या आत हवा, तो तपासायला शॉवरखाली बादली ठेवून फोनवर १० सेकंदांचा टायमर लावा. दीड लिटरपेक्षा जास्त पाणी जमलं तर फ्लो जास्त आहे, एखादा स्वस्त फ्लो रिस्ट्रिक्टर (पाण्याचा प्रवाह कमी करणारा छोटा भाग) बसवला की बहुतेक वेळा काम होतं.

पुढची प्रोसेस सोपी आहे. तुमच्या देशातल्या ग्रीन की ऑपरेटरकडे, म्हणजे तिथलं काम बघणाऱ्या संस्थेकडे अर्ज करायचा, तिथे ऑपरेटर नसेल तर थेट मुख्य ऑफिसकडे. कागद आणि फी दिली की प्रत्यक्ष ऑडिट होतं आणि निर्णय ऑडिटर नाही तर वेगळे लोक घेतात. ऑडिट ऐन सीझनमध्ये घेऊ नका, स्टाफची धावपळ असते आणि ऑडिटरला नीट वेळ देता येत नाही.

सर्टिफिकेट एका वर्षाचं असतं, दरवर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. पहिल्या दोन वर्षी ऑडिटर येतो, पुढे साधारण तीन वर्षांतून एकदा, मधल्या वर्षी कागदांवर काम चालतं.