स्क्रीन टाइम (खानदेशातील किशोरवयीन)

मोबाइल, टीव्ही, संगणक यांच्या पडद्यासमोर दिवसभरात जाणारा वेळ म्हणजे स्क्रीन टाइम. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि हा प्रश्न घरोघरी पोचला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलांपासून लपवला जाणारा फोन अभ्यासासाठी त्यांच्याच हाती द्यावा लागला. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या अनेक पाड्यांवर अडचण उलटी होती. तिथे रेंजच मिळत नव्हती.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत एक तास आणि दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी, असे सुचवले. त्यापुढील वयाला असा ठरीव आकडा नाही. म्हणूनच पडद्याने काय हिरावले, हे तासांच्या हिशेबापेक्षा महत्त्वाचे.

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. अशा दुपारी मूल घरात फोन पाहत बसले तर त्याला दोष देता येत नाही. खरे नुकसान रात्री होते. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, अंथरूण पडले की पूर्वी गप्पा रंगत. आता उशाशी फोन असतो. रील्सना शेवट नाही, पुढचा व्हिडिओ काय निघेल याची उत्सुकता बोट थांबू देत नाही. किशोरवयीनांना आठ ते दहा तास झोप लागते, तीच आधी कापली जाते. चिडचिड आणि वर्गात लक्ष न लागणे पुष्कळदा तिथूनच सुरू होते. नैराश्य आणि सोशल मीडियाचा अतिवापर सोबत आढळतात. मात्र कोणते कारण व कोणता परिणाम, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

याच माध्यमाने अहिराणीला मात्र मोठा आधार दिला. जी बोली बोलल्यावर मुलांना ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावले जाई, तिच्यातली गाणी व विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर आवडीने पाहिले जातात. आपली भाषा लाजिरवाणी नाही हे मुलांना कळणे, हाही मनःस्वास्थ्याचाच भाग आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कडुलिंबाच्या झाडाला बांधलेला झोका आणि गौराईची गाणी ही याच बोलीची जुनी जागा. तिथे दोन्ही हात दोराला लागतात, फोन बाजूलाच राहतो.

मूल जेवण, झोप, मित्र टाळू लागले तर फोन हिसकावण्याआधी त्याच्याशी बोलावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून मोफत समुपदेशन मिळते.