प्रवाळभित्तीवरील पाण्याखालचे छायाचित्रण

स्कूबा उपकरणे (पाठीवरच्या टाकीतून श्वास घेण्याचे साहित्य) लावून प्रवाळभित्तीवरील जीवसृष्टी टिपण्याचे तंत्र. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ याने १८९३ मध्ये भूमध्य समुद्रात कॅमेरा पाण्याखाली नेला. १९२६ मध्ये फ्लॉरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास येथे मत्स्यतज्ज्ञ विल्यम लाँग्ली व नॅशनल जिऑग्राफिकचे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखाली रंगीत छायाचित्रे घेतली. उजेडासाठी त्यांना तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली.

पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषते. पाचेक मीटरवर लाल उतरू लागतो. आणखी खोल बोट कापले तर रक्त हिरवट दिसते. हे शोषण आडव्या अंतरालाही लागू असते. मासा दोन मीटरवर असेल तर स्ट्रोबचा (पाण्याखाली वापरायच्या फ्लॅशचा) प्रकाश जाऊन-येऊन चार मीटर पाणी कापतो. म्हणून विषय एका मीटरच्या आत हवा. दुरून झूम करून काही साधत नाही, मधले पाणी तेवढेच राहते. रुंद कोनाचे भिंग घेऊन जवळ जाणे हाच उपाय. हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, सपाट काचेतून वस्तू पाव अंतराने जवळ भासते आणि भिंगाचा कोनही आवळतो. डोम पोर्टने, म्हणजे भिंगासमोरच्या घुमटाकार काचेने, तो परत मिळतो.

चित्रात बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात ते भिंगासमोरच्या तरंगत्या कणांवर स्ट्रोबचा उजेड पडल्याने. दोन्ही स्ट्रोब लांब दांड्यांवर, डोमच्या किंचित मागे ठेवून थोडे बाहेर वळवावेत. विषयावर उजेडाची फक्त कड पडली तरी पुरते. रुंद दृश्यासाठी छिद्र एफ/८, शटर १/१२५ सेकंद, संवेदनशीलता आयएसओ २०० येथून सुरुवात करावी. शटरने मागच्या पाण्याचा निळा रंग ठरतो, स्ट्रोबच्या जोराने पुढच्या प्रवाळाचा. लाल फिल्टर फक्त नैसर्गिक उजेडात वापरावा, स्ट्रोबबरोबर नाही.

हाउसिंगमध्ये पाणी शिरते ते बहुधा ओ-रिंगवरच्या (झाकण बंद करणाऱ्या रबरी कड्यावरच्या) एखाद्या केसामुळे किंवा वाळूच्या कणामुळे. रिंग बोटांनी काढावी, टोकदार हत्याराने नव्हे. रिंग बसते ती खाच कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून रिंगवर नुसती चमक येईल इतकेच सिलिकॉन ग्रीस लावावे. जास्त ग्रीसने गळती थांबत नाही, उलट वाळू चिकटते. गळती बऱ्याचदा पहिल्या काही मीटरांतच लागते, कारण खोल गेल्यावर दाबानेच झाकण घट्ट बसते. आत सिलिका जेलची पुडी नसेल तर थंड पाण्यात काचेवर बाष्प धरते.

कॅमेऱ्यापेक्षा तरंगण्यावरचा ताबा आधी हवा. शिंगप्रवाळाच्या फांद्या फिनच्या (पायातल्या वल्ह्याच्या) एका फटक्याने मोडतात आणि उडालेली वाळू पॉलिपांवर, म्हणजे प्रवाळाच्या इवल्या जीवांवर, बसते. नेमके चित्र टिपताना श्वास रोखण्याची सवय लागते. तसे वर सरकल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना हवेचा काटा पाहायचाही राहून जातो. भारतात प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मेलेला तुकडाही उचलता येत नाही.

लक्षद्वीप व अंदमानच्या स्वच्छ पाण्यात रुंद दृश्ये चांगली येतात. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँक या समुद्रातल्या बुडालेल्या पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खाली आहे, तेथे स्ट्रोबशिवाय लाल रंग मिळत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, पण पाणी बऱ्याचदा गढूळ असते. पावसाळ्यात बुड्या बंद असतात, आणि एरवीही रुंद भिंग किनाऱ्यावर ठेवून लहान जीव अगदी जवळून टिपणारे मॅक्रो भिंग घेऊन उतरावे.