जोगिणींच्या मठांतील चित्रसंस्कृती

मध्ययुगीन यूरोपात, विशेषतः जर्मन भाषक प्रदेशांत, ख्रिस्ती जोगिणींच्या मठांमध्ये उपासनेसाठी वापरली जाणारी चित्रे, मूर्ती, सचित्र हस्तलिखिते आणि विणकामे यांचे हे जग. त्यांतली बरीचशी कामे जोगिणींनी स्वतःच केलेली होती. बारावे शतक ते सोळाव्या शतकाचा आरंभ हा त्यांचा मुख्य काळ.

हे जग समजून घ्यायचे तर आधी मठाची भिंत पाहावी लागते. मठात आलेल्या जोगिणीने पुन्हा बाहेर पडायचे नाही, हा दंडक पोप आठवा बोनिफेस याने १२९८ मध्ये सर्व पंथांच्या जोगिणींना लागू केला. मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती वेदीवरची मुख्य उपासना, अर्पण करायला पुरुष धर्मगुरूच लागे. जोगिणी बहुधा वरच्या सज्जात किंवा जाळीआड असत आणि अनेक ठिकाणी तिथून वेदी धड दिसतही नसे. त्यामुळे जे डोळ्यांपुढे हवे, ते त्यांच्या बाजूला आणले गेले. उत्तर जर्मनीतील त्सेले गावाजवळच्या वीनहाउझन या सिस्टर्शियन पंथाच्या मठात जोगिणींच्या प्रार्थनासज्जाच्या भिंती व छत १३३५ च्या सुमारास चित्रांनी भरून टाकले आहेत. १९५३ मध्ये याच सज्जातल्या फळ्यांखाली जुने चष्मे, चिठ्ठ्या आणि छोटी भक्तिचित्रे सापडली. भिंतीवर सगळ्यांसाठी एवढे रंगवलेले असताना हातात धरायला आपले असे एक चित्र जोगिणीला लागतच होते.

ही चित्रे नुसती पाहण्यासाठी नव्हती. मेडिंगेनच्या मठातील डोमिनिकन जोगीण मार्गारेटा एब्नर (सु. १२९१–१३५१) हिला १३४४ मध्ये व्हिएन्नाहून पाळण्यातला बाळ येशू मिळाला. ती त्याला छातीशी धरी, त्याच्याशी बोले, आणि हे सारे तिने लिहून ठेवले आहे. रामनवमीला पाळण्याची दोरी ओढलेल्या वाचकाला ते फारसे परके वाटू नये. स्वित्झर्लंडमधील झांक्ट काथारिनेनटाल येथे कॉन्स्टन्सच्या हाइनरिखने १२८० च्या दशकाच्या आसपास अक्रोडाच्या लाकडात एक शिल्प कोरले: येशूच्या छातीवर डोके टेकून झोपलेला त्याचा शिष्य योहान. त्यापुढे प्रार्थना करणारी एक जोगीण स्फटिकासारखी पारदर्शक दिसली, अशी कथा त्या मठाच्या भगिनीचरित्रांत, म्हणजे तिथल्या जोगिणींच्या चरित्रसंग्रहात, येते. हे शिल्प आता अँटवर्पच्या संग्रहालयात आहे.

सर्वांत विलक्षण कामे बव्हेरियातील आइखश्टेटच्या झांक्ट वाल्बुर्ग या बेनेडिक्टाइन मठातली. सुमारे १५०० साली एका अनामिक जोगिणीने ती कागदावर काढली. एका चित्रात क्रुसावर येशूच्या जागी भलेमोठे हृदय आहे, त्याच्या आत जोगीण बसली आहे आणि तिथवर जायला शिडी लावलेली आहे. रेषा ओबडधोबड, रंग भडक. पण चार भिंतींत जन्म काढणाऱ्या बाईने देवाच्या काळजातच घर करावे, ही कल्पना ओबडधोबड नाही.

कलेतिहासाने मात्र अशा कामांना ‘जोगिणींचे काम’ म्हणून दीर्घकाळ हिणवले. चित्रे निरक्षरांसाठी असतात हे पोप पहिला ग्रेगरी याचे मत त्यांना चिकटवले गेले. वास्तविक यांतल्या कित्येक जणी लॅटिन वाचत आणि ग्रंथांच्या नकला करत. बाराव्या शतकातल्या गूडा नावाच्या जोगिणीने एका प्रवचनसंग्रहात अक्षराच्या वेटोळ्यात स्वतःला रंगवून ‘पापी स्त्री गूडा हिने हा ग्रंथ लिहिला व रंगवला’ असे नोंदवले. स्त्री चित्रकाराच्या स्वाक्षरीसह पश्चिम यूरोपात टिकलेल्या अगदी जुन्या आत्मचित्रांत ते गणले जाते. १९९० च्या दशकापासून ही दृष्टी बदलू लागली. २००५ मध्ये एसेन व बॉन येथे या कलेचे मोठे प्रदर्शन भरले.

जर्मनीतील डालहाइमच्या छोट्या मठात पुरलेल्या, अकराव्या-बाराव्या शतकातील एका मध्यमवयीन स्त्रीच्या दातांवरील किटणात निळ्या रंगाचे सूक्ष्म कण आढळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तो रंग लाजवर्द या निळ्या दगडाचा होता, त्या काळी अफगाणिस्तानातून येणारा आणि अत्यंत महाग. ती टोक आणण्यासाठी कुंचला ओठांत धरत असावी, असे संशोधकांना वाटते.