अक्षरांची संख्या आणि अक्षरांची सीमा : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

उच्चारलेल्या शब्दात अक्षरे किती, हे सांगण्यासाठी भाषाविज्ञान शिकावे लागत नाही. इथे अक्षर म्हणजे कागदावरचे चिन्ह नव्हे, तर एका स्वराभोवती गुंफलेला उच्चाराचा एक घटक, म्हणजे सिलॅबल. इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, लहान मुलांना शब्दातील सुटे ध्वनी मोजणे जड जाते, पण अक्षरांमागे एकेक टकटक करणे मात्र बऱ्याच आधीपासून जमते. अडचण सुरू होते ती सीमेपाशी. 'पत्रात' या शब्दात दोन अक्षरे आहेत, याविषयी सहसा वाद होत नाही. परंतु पहिले अक्षर 'प' म्हणायचे की 'पत्', आणि दुसरे 'त्रात' की 'रात', असे विचारताच उत्तरे वेगवेगळी येतात. संख्येवर एकमत आणि सीमेवर मतभेद, या विसंगतीनेच या विषयाच्या अभ्यासाला दिशा दिली आहे.

सीमेचा प्रश्न नियम करून सोडवण्याचा प्राचीन आणि काटेकोर प्रयत्न प्रातिशाख्यांमध्ये, म्हणजे वेदांच्या उच्चाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांमध्ये, आढळतो. वेदपठणात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे सुराच्या चढउताराचे भेद स्वरावर असतात. मग दोन स्वरांमधले व्यंजन कोणत्या बाजूचे, हे ठरवल्याशिवाय त्या व्यंजनाचा उच्चार कोणत्या सुरात करायचा हे ठरत नाही. तैत्तिरीय प्रातिशाख्य म्हणूनच व्यंजनाला स्वराचे अंग मानते, एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे देते, शब्दान्तीचे व्यंजन मागच्या स्वराकडे देते आणि जोडव्यंजनातील पहिले व्यंजनही मागच्याच स्वराला जोडते. ऋक्प्रातिशाख्याने यातला शेवटचा नियम वैकल्पिक ठेवला आहे. हा विकल्प मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अत्यंत बारकाईने ऐकणाऱ्या या परंपरेने सीमा कानाला आपोआप सापडते असे गृहीत धरले नाही. ती एका प्रयोजनासाठी ठरवून घेतली. पाणिनीने लघु-गुरू ठरवताना सीमेचा उल्लेखच टाळला: ऱ्हस्व स्वर लघु, पण पुढे संयोग, म्हणजे जोडव्यंजन, असेल तर तोच गुरू. छंदःशास्त्राचे काम तेवढ्यावर भागते.

युरोपात 19व्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिशास्त्र हे निरीक्षणाचे शास्त्र म्हणून उभे राहिले, तेव्हा अपेक्षा बदलली. अक्षर हे शरीरात किंवा हवेत कुठेतरी प्रत्यक्ष असलेच पाहिजे आणि ते शोधून काढता आले पाहिजे, असे मानले जाऊ लागले. एडुआर्ड झीफर्स यांनी मुखरतेच्या, म्हणजे ध्वनी किती ठळक ऐकू येतो याच्या, चढउताराने बनणारे अक्षर आणि श्वासाच्या दाबाने बनणारे अक्षर असा भेद केला, आणि पुढची अनेक दशके याच दोन वाटांनी शोध चालला. मुखरतेची वाट ऑटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पक्की केली. अघोष स्पर्शव्यंजने (क्, ट्, प् यांसारखी) सर्वांत कमी मुखर, त्यांच्यावर घर्षक (स् यांसारखे), अनुनासिके, मग ल् आणि र्, आणि सर्वांत वर विवृत स्वर (आ यांसारखे), अशी ध्वनींची उतरंड मांडून त्यांनी जितकी शिखरे तितकी अक्षरे असे सांगितले. ही कल्पना आजही टिकून आहे, कारण ती बहुतेक शब्दांना लागू पडते. मात्र 'स्टेशन'सारख्या शब्दाच्या आरंभी 'स्' हा 'ट्'पेक्षा अधिक मुखर असूनही तिथे वेगळे अक्षर मोजले जात नाही. शिवाय शिखर सापडले तरी दोन शिखरांमधली दरी नेमकी कुठे तोडायची, हा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या वाटेने अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेमंड स्टेटसन गेले. प्रत्येक अक्षरामागे छातीच्या स्नायूंचा एक स्वतंत्र झटका असतो, हा त्यांचा 1928 मधील सिद्धान्त आकर्षक होता आणि बराच काळ तो पाठ्यपुस्तकांत टिकला. पीटर लॅडेफोगेड, ड्रेपर आणि व्हिटरिज यांनी 1950 च्या दशकात बरगड्यांमधील स्नायूंची विद्युत्-क्रिया नोंदवली, तेव्हा चित्र वेगळे निघाले. काही ठिकाणी दोन अक्षरे स्नायूंच्या एकाच आकुंचनात उच्चारली जात होती, तर काही ठिकाणी एकाच अक्षरात दोन आकुंचने होती. एक अक्षर, एक झटका हे समीकरण तिथे मोडले.

यानंतर अक्षर ही संकल्पनाच सोडून द्यावी असे वाटण्याइतकी निराशा आली. क्लाउस कोलर यांनी 1966 मध्ये तिच्या सार्वत्रिकतेवरच प्रश्न उभा केला, आणि चॉम्स्की व हॅले यांच्या 1968 च्या इंग्रजी ध्वनिव्यवस्थेच्या ग्रंथात नियम सुट्या ध्वनींच्या सरळ ओळीवर चालतात. तिथे अक्षर हा घटक नाही. तो फार काळ बाहेर राहिला नाही. एकामागून एक नियम लिहिताना 'व्यंजनापूर्वी किंवा शब्दान्ती' अशी दुहेरी अट पुन्हा पुन्हा येऊ लागली, आणि ती अट म्हणजे 'अक्षराच्या शेवटी' एवढेच आहे, हे जोन हूपर, थियो फेनेमान आणि इतरांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले. डॅनियल कान यांनी 1976 च्या प्रबंधात एक पाऊल पुढे टाकले: इंग्रजीतील काही व्यंजने एकाच वेळी दोन्ही अक्षरांची असतात, असे त्यांनी मांडले. सीमेवरचे मतभेद ही ऐकणाऱ्यांची चूक नसून भाषेच्या रचनेतच ती संदिग्धता असू शकते, हे मान्य करणारी ही मांडणी होती. पुढे 1985 मध्ये फ्रांस्वा देल आणि मोहमद एलमेदलाउई यांनी मोरोक्कोतील तश्लहियत बर्बर भाषेचे विश्लेषण केले. तिथे कोणतेही व्यंजन अक्षराचे केंद्र होऊ शकते, म्हणजे स्वराशिवाय अक्षर नाही हे गृहीतकही सर्व भाषांना लागू राहिले नाही.

मानसशास्त्रीय प्रयोगांनी याच सुमारास प्रश्नाला भाषाभेदाची बाजू जोडली. जाक मेलेर आणि सहकाऱ्यांच्या 1981 च्या प्रयोगात फ्रेंच श्रोत्यांना 'पा' हा तुकडा 'पालास' या शब्दात लवकर ओळखता आला आणि 'पाल' हा तुकडा 'पाल्मिये' या शब्दात, म्हणजे जिथे तो तुकडा पहिल्या अक्षराशी तंतोतंत जुळतो तिथे. इंग्रजीभाषक श्रोत्यांमध्ये हा परिणाम 1986 च्या प्रयोगांत दिसला नाही, आणि 1993 मध्ये जपानी श्रोते अक्षराऐवजी मात्रेच्या, म्हणजे उच्चारकाळाच्या अक्षराहून लहान असू शकणाऱ्या एककाच्या, आधारे तुकडे पाडतात असे आढळले.

लेखी मजकुराची विभागणी मात्र वेगळ्याच गरजांतून आली. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी फ्रँकलिन लियांग यांनी 1983 च्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधात शब्दकोशातून आकृतिबंध काढणारी पद्धत दिली. ती टेक या अक्षरजुळणी प्रणालीत वापरली गेली. पण ओळ कुठे तोडावी याचे संकेत काही अंशी व्युत्पत्तीवर चालतात, त्यामुळे तो तपशील उच्चारातील अक्षरांचा पुरावा म्हणून वापरणे धोक्याचे आहे. देवनागरीत हे अंतर अधिक ठळक होते. संगणकावर लिप्यांची चिन्हे साठवण्याचे प्रमाण असलेल्या युनिकोडच्या 2023 मधील 15.1 या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर एकसंध घटक मानण्याचा नियम घातला, आणि संपादनाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. त्या नियमाने 'पुस्तक'चे 'पु', 'स्त', 'क' असे तीन तुकडे पडतात. बोलताना मात्र अंत्य 'क'मधला अकार गळतो आणि 'पुस्', 'तक' अशी दोनच अक्षरे उरतात, ज्यांची सीमा नेमकी त्या न तोडलेल्या जोडाक्षराच्या मधून जाते. म्हणून मराठी मजकुरातून उच्चाराची अक्षरे मोजणाऱ्या संगणकीय प्रणालीला आधी अकारलोप ठरवावा लागतो, आणि मगच 'संयोगातील पहिले व्यंजन मागच्या स्वराचे' हा तैत्तिरीय नियम घ्यायचा की शक्य तितकी व्यंजने पुढच्या अक्षराला देणारा अर्न्स्ट पुलग्राम यांचा 1970 मधील नियम, याची निवड करता येते.