नवा इंग्रजी शब्द खरा कधी ठरतो?

परीक्षेची तारीख अलीकडे आली की ‘पेपर प्रीपोन झाला’ ही बातमी धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत तासाभरात पोचते. नागपुरात हा शब्द विद्यार्थी वापरतात, प्राध्यापक वापरतात आणि परीक्षा विभागातले बाबूही वापरतात. पण तोच शब्द इंग्रजी अर्जात लिहिला, की कुणीतरी लाल रेघ मारून सांगतं, ‘असा शब्द इंग्रजीत नाहीच.’ नाही म्हणजे नेमका कुठे नाही? आणि हे ठरवायचा अधिकार कोणाला आहे?

फ्रेंच भाषेला १६३५ पासून भाषेवर देखरेख ठेवणारी अकादमी आहे. इंग्रजीसाठीही अशी व्यवस्था हवी, असं लेखक जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये सुचवलं होतं, पण ते घडलं नाही. सॅम्युअल जॉन्सनने आपला कोश हाती घेतला तेव्हा भाषेला एका जागी बांधून ठेवता येईल, अशी त्याला आशा होती. १७५५ मध्ये कोश छापून आला, तेव्हा ती आशा फोल होती हे त्यानेच प्रस्तावनेत मान्य केलं. इंग्रजी शब्दावर शिक्का मारणारं कार्यालय तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

म्हणून भाषाशास्त्रज्ञ शब्दाचा खरेपणा दोन ठिकाणी शोधतात. एक, बोलणाऱ्याच्या डोक्यात. दुसरं, बोलणाऱ्यांच्या समाजात.

आधी डोक्यातलं पाहू. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हाली या भाषाशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये एक साधं उदाहरण दिलं. ‘ब्रिक’ हा इंग्रजी शब्द आहे. ‘ब्लिक’ हा शब्द नाही, पण उद्या होऊ शकतो. ‘ब्निक’ मात्र होऊच शकत नाही, कारण इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला ‘ब’ला ‘न’ जोडलेला चालत नाही. प्रत्येक भाषेचे असे नियम असतात आणि ते कुणी शिकवावे लागत नाहीत. आपण ‘म्हैस’ आणि ‘न्हाणी’ सहज म्हणतो; इंग्रज माणसाची जीभ तिथे अडखळते.

हा फरक मेंदूतल्या विद्युत लहरींतही दिसतो. ‘ब्लिक’सारखा शब्द वाचला की साधारण ४०० मिलिसेकंदांच्या सुमारास एक ठळक लहर नोंदली जाते. मेंदू अर्थाचा शोध घेत असल्याची ती खूण मानली जाते. नियम मोडणारी अक्षरं नुसतीच एकापुढे एक ठेवली, तर ती लहर फारशी उठत नाही. हा शब्दच नव्हे, असं मेंदू जणू शोधाला लागण्याआधीच ठरवून टाकतो.

मला यातला सगळ्यात विलक्षण वाटतो तो झोपेचा प्रयोग. निकोला दुमे आणि गॅरेथ गॅस्केल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ‘कथीड्रूक’सारखे बनावट शब्द शिकवले. हा शब्द मुद्दाम ‘कथीड्रल’शी, म्हणजे मोठ्या चर्चसाठीच्या इंग्रजी शब्दाशी, जुळता घडवलेला होता. शब्द ऐकताना मेंदूत सारखी सुरुवात असलेले सगळे उमेदवार एकदम जागे होतात आणि त्यांच्यात चुरस लागते. उमेदवार वाढले की निवड थोडी लांबते. नवा शब्द मेंदूने खरोखर आपला मानला असेल, तर जुना ‘कथीड्रल’ ओळखायला थोडा जास्त वेळ लागला पाहिजे. शिकवल्याबरोबर चाचणी घेतली तेव्हा तसं काही दिसलं नाही. मग एका गटाला सकाळी शब्द शिकवून संध्याकाळी तपासलं, दुसऱ्याला संध्याकाळी शिकवून रात्रीच्या झोपेनंतर सकाळी तपासलं. दोन्हीकडे मधले तास तेवढेच, बारा. चुरस दिसली ती झोपून उठलेल्यांमध्ये. शब्द पाठ होणं आणि तो शब्दसंग्रहात मुरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे २००७ च्या या प्रयोगाने फार सुंदर दाखवलं.

डोक्यात मुरलेला शब्द व्याकरणाच्याही हाताखाली येतो. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून सांगितलं, ‘हा वग.’ मग दोन प्राणी दाखवले. मुलं चटकन ‘वग्ज’ म्हणाली. हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता, तरी त्याचं अनेकवचन त्यांना ठाऊक होतं. आपला मुंगूस याच वाटेने इंग्रजीत गेला. मराठीतून निघालेला ‘मंगूस’ तिकडे ‘गूस’सारखा, म्हणजे हंसासारखा ऐकू येतो, पण अनेकवचन ‘मंगीस’ होत नाही, सरळ ‘मंगूसेस’ होतं. इंग्रजीने त्याला स्वतःच्या नियमात बसवून घेतलं, आणि तो परका आहे हे आज तिकडे फारसं कुणाच्या मनातही येत नाही.

आता समाजाकडे वळू. इथे बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डिक्शनरीत आहे का?’ त्यांना ‘डॉर्ड’ची गोष्ट सांगावी. १९३१ मध्ये वेब्स्टर कोशाच्या कचेरीत रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी पाठवली: मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचं संक्षिप्त चिन्ह आहे. इंग्रजीत ‘डी ऑर डी’ असं लिहिलेली ती चिठ्ठी संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, मधली मोकळी जागा कुणाच्या लक्षात आली नाही, आणि १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड म्हणजे घनता’ अशी नोंद छापली गेली. १९३९ मध्ये एका संपादकाला या शब्दाची व्युत्पत्तीच दिलेली नाही हे दिसलं, तेव्हा चूक उघड झाली. कित्येक वर्षं तो शब्द अतिशय प्रतिष्ठित कोशात होता आणि तरी इंग्रजी शब्द नव्हता, कारण तो कुणी बोललंच नव्हतं.

कोशकार शब्दांना जन्म देत नाहीत, ते पुरावे जमवतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी, वेगवेगळ्या ठिकाणी, काही काळ सातत्याने वापर केला आहे का, हे ते पाहतात. शब्द सोबत अर्थ न सांगता वापरला गेला असेल, तर पुरावा आणखी भक्कम. सहसा याला वर्षं लागतात. पण ११ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘कोविड-१९’ हे नाव दिलं आणि अवघ्या ३४ दिवसांत मेरियम-वेब्स्टरने ते कोशात घेतलं. साऱ्या जगाच्या तोंडी एकच शब्द असताना वाट कशाची पाहायची?

अमेरिकी अभ्यासक ॲलन मेटकाफ यांनी शब्द टिकण्याची काही लक्षणं २००२ मध्ये मांडली. वापर वारंवार हवा, वापरणारे तऱ्हेतऱ्हेचे हवेत, शब्दाला नवी रूपं फुटायला हवीत, मुळात ती गोष्ट टिकायला हवी. पण मला त्यांचा आणखी एक निकष सर्वांत मोलाचा वाटतो: शब्द नवा आहे हे जाणवता कामा नये. चमकदार, चतुर शब्द लोक एकदा हसून सोडून देतात.

नुसती घडण पुरत नाही, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. डॉ. रघुवीर यांनी १९४० च्या दशकात आपली संस्था याच शहरात आणली आणि संस्कृत धातू, उपसर्ग, प्रत्यय जोडून इंग्रजी पारिभाषिक शब्दांसाठी भारतीय शब्द प्रचंड संख्येने घडवले. व्याकरणाच्या दृष्टीने काम चोख होतं. त्यातले काही रुळले, कित्येक कोशाच्या पानांतच राहिले.

या कसोट्यांवर ‘प्रीपोन’ सहज उतरतो. ‘पोस्टपोन’मधला ‘पोन’ म्हणजे लॅटिनमधलं ‘ठेवणं’. त्याच्या आधी ‘प्री’ लावणं अगदी रीतसर आहे. ‘प्रीपोन्ड’, ‘प्रीपोनिंग’, ‘प्रीपोनमेंट’ ही रूपंही फुटली आहेत. विशेष म्हणजे १९१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका पत्रात, वकिलांच्या सोयीसाठी म्हणून, हा शब्द सुचवला गेला होता. तिथे तो रुजला नाही. भारतात मात्र लोकांनी तो आपल्या गरजेपोटी घडवला आणि रोज वापरला, म्हणून तो जगला. ऑक्सफर्डच्या कोशात आज त्याची नोंद आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशात ‘चॉल’, ‘डब्बा’, ‘हरताळ’ आणि ‘आधार’ही दाखल झाले.

भारतीय इंग्रजीचा पुरावा मोजण्याचं पहिलं मोठं काम महाराष्ट्रातच झालं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ मधल्या छापील मजकुरातून दहा लाख शब्दांचा संग्रह उभा केला. अभ्यासक त्याला कोल्हापूर कॉर्पस म्हणून ओळखतात. त्यानंतर आपली इंग्रजी खूप बदलली आहे. नागपूरला ‘हितवाद’सारखं १९११ पासूनचं इंग्रजी वृत्तपत्र आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, विद्यापीठ आहे. या सगळ्यांच्या छापील इंग्रजीचा असाच एक संग्रह इथल्या भाषा विभागांनी आता हाती घ्यायला हवा.