जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला?

‘जामीन मिळाला, म्हणजे कोर्टाने निर्दोष ठरवलं’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं स्वाभाविकच, माणूस बाहेर आलेला दिसतो ना! पण जामीन देताना न्यायालय मुख्यतः पाहतं ते हे: आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुराव्याशी छेडछाड करेल का. गुन्हा केला की नाही, हे पुढे खटल्यात साक्षीपुरावे तपासून ठरतं. म्हणून तर जामिनाला अटी असतात आणि त्या मोडल्या तर तो रद्दही होतो. इतकंच काय, शिक्षा झालेल्यालाही अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामीन मिळू शकतो.

खात्री करायची तर बातमीचा मथळा सोडा, आदेश वाचा. त्यात ‘निर्दोष मुक्तता’ लिहिलंय, की जामीनदार, पासपोर्ट जमा करणं, ठरलेल्या दिवशी हजेरी? आणि हो, जामीन नाकारला म्हणजे दोषी ठरला, असंही नाही.